दिवा विझला, पण व्हॉल्व्ह उघडाच होता

(भाग ४१ चं लिखित रूप. अडखळणं, चहाचा घोट आणि खालच्या मजल्यावरचं कुत्रं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच आहे.)



मागच्या भागानंतर राजापूरहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, अणुऊर्जा प्रकल्पात अपघात झाला की लेव्हल पाच, लेव्हल सात असं सांगतात. तो आकडा नक्की कशाचा असतो? आणि समजा पाच असेल, तर आपण घरात थांबायचं की निघायचं?"

राजापूर म्हणजे जैतापूरचा तालुका. त्यामुळे हा प्रश्न हौसेचा नाही. एप्रिल २०११ मध्ये, जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघाताला दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा साखरी नाटेमध्ये प्रकल्पविरोधी आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक माणूस गेला. प्रकल्पाची वीटही रचलेली नव्हती. मी तेव्हा शाळेत होतो आणि टीव्हीवर पाहून मला इतकंच कळलं होतं की काहीतरी फुटलंय आणि सगळे चिडलेत.

आधी आकड्याचं सांगतो. अणुअपघातांची ही आंतरराष्ट्रीय श्रेणी १९९० मध्ये तयार झाली. एक ते सात. भूकंपाच्या मोजणीसारखीच, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा साधारण दहापट गंभीर. तीनपर्यंत 'घटना', चारपासून 'अपघात'. सातवर आजवर दोनच नावं आहेत, चेर्नोबिल आणि फुकुशिमा. सहावर एकच, १९५७ मध्ये सोव्हिएत युनियनमधल्या मायाक कारखान्यात किरणोत्सर्गी कचऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला तो. पाचवर ब्रिटनमधलं विंडस्केल आहे आणि अमेरिकेतलं थ्री माइल आयलंडही आहे.

आता गंमत बघा. विंडस्केलला पाच मिळाले कारण १९५७ च्या आगीत किरणोत्सर्ग बाहेर पडला. सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध गोळा करणं बंद करून ते ओतून द्यावं लागलं. थ्री माइल आयलंडमध्ये बाहेर फार थोडं गेलं, तरी पाच, कारण आत रिअॅक्टरचा गाभा निम्मा वितळला होता. आकडा एक, अर्थ दोन. राजापूरच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी एका दिव्याची गोष्ट सांगावी लागेल.

त्याआधी माझी एक कबुली.

मी ज्या कंपनीत काम करतो तिथेही अपघातांना लेव्हल असतात. सेव्ह-वन म्हणजे सगळे उठा, सेव्ह-थ्री म्हणजे सकाळी बघू. गेल्या वर्षी एका रात्री मी ऑन-कॉल होतो. अडीचच्या सुमारास सपोर्टवाल्या मुलीचा मेसेज आला की लोकांचे रिफंड जात नाहीयेत. मी डॅशबोर्ड उघडला. सगळं हिरवं. तिला लिहिलं, "आपल्याकडून ठीक आहे, बँकेकडे काहीतरी असेल." आणि झोपलो. सकाळी सहाला कळलं की रिफंडची रांग रात्रभर जागची हललीच नव्हती. प्रोग्राम चालू होता, पण काम करत नव्हता. माझा हेल्थ चेक एवढंच विचारायचा, "आहेस का?" तो म्हणायचा, "आहे." तू करतोयस काय, हे विचारायचं राहून गेलं होतं. आणि तो चेक मीच लिहिला होता, दुसऱ्या कोणावर ढकलायचीही सोय नाही.

कोणी मेलं नाही. पण त्यानंतर मी थ्री माइल आयलंडबद्दल वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर थांबलो, कारण तिथे माझाच हेल्थ चेक होता.

तर चला. २८ मार्च १९७९, बुधवार, पहाटेचे चार. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य, हॅरिसबर्ग या राजधानीपासून जवळच सस्क्वेहॅना नदीतलं एक बेट. तिथला दोन नंबरचा रिअॅक्टर व्यावसायिक वीज द्यायला लागून तीनच महिने झाले होते. म्हणजे कोरा करकरीत.

रिअॅक्टर कसा चालतो ते दोन वाक्यांत. गाभ्यात युरेनियमचं इंधन तापतं, त्यातून प्रचंड दाबाखालचं पाणी फिरतं, ते पाणी आपली उष्णता दुसऱ्या पाण्याला देतं, त्या दुसऱ्याची वाफ होते आणि टर्बाइन फिरतं. पहिल्या पाण्याचा दाब सांभाळायला एक उंच टाकी असते आणि तिच्या डोक्यावर एक व्हॉल्व्ह. कुकरची शिट्टी समजा. दाब वाढला की उघडायचं, उतरला की बंद व्हायचं.

त्या पहाटे दुसऱ्या पाण्याचे पंप बंद पडले. टर्बाइन थांबलं. पहिल्या पाण्याचा दाब वाढला, शिट्टी उघडली. आठ सेकंदांत रिअॅक्टर आपोआप बंदही झाला. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. मग दाब उतरला, आणि शिट्टी बंद व्हायला हवी होती ती अडकली.

नियंत्रण कक्षात या व्हॉल्व्हसाठी एक दिवा होता. व्हॉल्व्हला उघडण्याचा विजेचा संकेत जात असला की दिवा लागायचा, संकेत थांबला की विझायचा. दिवा विझला. ऑपरेटरांनी पाहिलं आणि मनात टिकमार्क केली, व्हॉल्व्ह बंद. पण दिवा व्हॉल्व्हला जोडलेला नव्हताच. तो संकेताला जोडलेला होता. 'बंद हो' असं सांगितलंय, एवढंच तो सांगत होता. ऐकलं की नाही, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

वरच्या उघड्या शिट्टीतून पाणी आणि वाफ निघून चालली होती. गाभ्याला थंड ठेवणारं हेच पाणी. ते कमी होताना कोणालाच दिसलं कसं नाही? कारण गाभ्यात किती पाणी आहे हे सांगणारा काटाच नव्हता. होता तो त्या उंच टाकीतल्या पातळीचा, आणि ती पातळी चढत होती. घरात दूध उतू जातं तेव्हा पातेल्यात दूध वाढलेलं नसतं ना? खालून फुगे येतात आणि वर ढकलतात. तसंच. खाली वाफ धरत होती, पाणी वर ढकललं जात होतं आणि काटा म्हणत होता की टाकी भरत आलीय. टाकी काठोकाठ भरू द्यायची नाही असं ऑपरेटरांना प्रशिक्षणात घोटून शिकवलेलं. म्हणून आपत्कालीन यंत्रणेनं आपोआप सुरू केलेला पाण्याचा जोरदार पुरवठा त्यांनी हातानं कमी केला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, किती बावळट लोक. मग बाकीचं वाचलं. पहिल्या काही मिनिटांत शंभरहून जास्त अलार्म वाजत होते. कोणता आधी वाजला, कोणता महत्त्वाचा, काही कळायची सोय नाही. अलार्म छापणारा प्रिंटर इतका मागे पडला की पुढे तो दोन तासांपूर्वीच्या घटना छापत होता. व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपचं तापमान जास्त दिसत होतं, पण तो व्हॉल्व्ह कित्येक दिवस थोडा थोडा गळत होता, त्यामुळे 'हे नेहमीचंच' म्हणून सोडलं. सांडलेलं पाणी ज्या टाकीत जमत होतं तिचा काटा पॅनेलच्या मागच्या बाजूला होता. आणि पर्यायी पंपांच्या वाटेवरचे दोन व्हॉल्व्ह आधीच्या एका तपासणीनंतर बंदच राहून गेले होते. त्यातल्या एकाचा दिवा दुरुस्तीच्या कागदी टॅगखाली झाकला गेला होता. आठ मिनिटांनी कुणाच्या तरी लक्षात आलं.

ऑन-कॉल करणाऱ्यांनो, शंभर अलर्टच्या रात्री तुम्ही काय करता? मी सांगतो मी काय करतो. म्यूट.

पाच वाजून गेल्यावर पाणी फिरवणारे मोठे पंप थरथरायला लागले, कारण त्यांच्यातून आता पाणी कमी आणि वाफच जास्त जात होती. पंप तुटू नयेत म्हणून तेही बंद केले. गाभा उघडा पडला. ६ वाजून २२ मिनिटांनी नुकत्याच आलेल्या एका ताज्या माणसानं, ज्याच्या डोक्यात पहाटेपासूनची समजूत बसलेली नव्हती, सुचवलं की त्या शिट्टीच्या अलीकडचा दुसरा व्हॉल्व्ह बंद करून बघू. केला. गळती थांबली. दोन तास बावीस मिनिटं ती चालू होती.

पण तेवढ्यानं संपलं नाही. दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना नियंत्रण कक्षात एक दबका धप्प आवाज ऐकू आला आणि काँक्रीटच्या घुमटातल्या दाबाचा काटा एकदम वर जाऊन खाली आला. घुमटात साठलेला हायड्रोजन पेटला होता. तापलेल्या इंधनाच्या नळ्यांची वाफेशी प्रक्रिया होते आणि हायड्रोजन तयार होतो, म्हणजे इंधनाचं भयंकर काहीतरी झालंय याचा तो पुरावा होता. उपकरणात विजेचा झटका आला असेल, असं समजून तेही सोडलं गेलं. घुमट टिकला म्हणून आज आपण हे निवांत बोलतोय.

योगायोग सांगतो, खरा आहे. याच्या बारा दिवस आधी 'द चायना सिंड्रोम' नावाचा हॉलिवूडचा सिनेमा लागला होता. त्यात अणुप्रकल्पात पाण्याच्या पातळीचा काटा अडकतो आणि ऑपरेटर फसतात. उद्योगातली मंडळी म्हणाली, असं काही होत नसतं.

आता बाहेर जाऊया. कारण दिवे फक्त नियंत्रण कक्षातच नसतात. गावातल्या लोकांसाठी सरकारी निवेदन हाच दिवा असतो.

शुक्रवारी, ३० मार्चच्या सकाळी, हेलिकॉप्टरनं प्रकल्पाच्या धुराड्याच्या वर हवेत किरणोत्सर्ग मोजला. आकडा आला, तासाला १,२०० मिलिरेम. तिकडे वॉशिंग्टनजवळ नियामक आयोगाच्या कार्यालयात कुणीतरी नुकताच हिशोब केला होता की अमुक टाकीतून वायू सुटला तर जमिनीवर तासाला १,२०० मिलिरेम असेल. तेवढ्यात ही बातमी पोचली. दोन्ही आकडे सारखे! झालं. एक धुराड्याच्या तोंडाशी मोजलेला, दुसरा लोकांच्या अंगणातला अंदाज, पण कुठे मोजलं हे विचारायच्या आधीच लोकांना हलवा असा सल्ला गेला. मग खुलासे, मग फोन, मग आधी सांगितलेलं मागे घेणं. शेवटी दुपारी गव्हर्नरनी सांगितलं की पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायका आणि शाळेच्या आधीच्या वयाच्या मुलांनी निघावं. सांगितलं एवढ्यांनाच, पण पुढच्या काही दिवसांत साधारण १ लाख ४० हजार माणसं घर सोडून गेली. पाच मैलांवरच्या गरोदर बाईला धोका असेल तर सहा मैलांवरच्या आजीला नाही, हे कोण मानणार? मी तरी माझ्या आजीला गाडीत घातलं असतं.

त्या सगळ्या लोकांना प्रत्यक्षात किती किरणोत्सर्ग मिळाला? आसपासच्या वीस लाख लोकांचा सरासरी डोस साधारण एक मिलिरेम. छातीच्या एका एक्स-रेला त्याच्या सहापट मिळतो. अध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचा निष्कर्ष असा होता की लोकांच्या आरोग्यावर झालेला सगळ्यात मोठा परिणाम मानसिक ताणाचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पोरांना गाडीत कोंबून मध्यरात्री कुठे जायचं ते माहीत नसताना निघालेल्या माणसाला विचारा.

रविवारी, १ एप्रिलला, खुद्द अध्यक्ष जिमी कार्टर प्रकल्पात आले. बुटांवर पिवळी प्लास्टिकची आवरणं चढवून नियंत्रण कक्षात फिरले. हा धीर देण्याचा देखावा होताच, पण कार्टर त्या खोलीत सगळ्यात अनभिज्ञ माणूस नव्हते. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका दिव्याशी त्यांचा संबंध होता.

१२ डिसेंबर १९५२. कॅनडातलं चॉक रिव्हर, एनआरएक्स नावाचा संशोधनाचा रिअॅक्टर. तळघरात एका ऑपरेटरनं चुकून नको ते व्हॉल्व्ह उघडले, त्यामुळे रिअॅक्टर बंद ठेवणारे काही दांडे वर उचलले गेले. वर नियंत्रण कक्षात लाल दिवे लागले. पर्यवेक्षक धावत खाली गेला, व्हॉल्व्ह बंद केले. वरचे दिवे विझले. सगळ्यांना वाटलं दांडे खाली बसले. पण काही दांडे फक्त दिवा विझण्यापुरतेच घसरले होते, पूर्ण खाली गेलेच नव्हते. मग पर्यवेक्षकानं खालून फोनवर सांगितलं, चार आणि एक नंबरची बटणं दाब. त्याला म्हणायचं होतं चार आणि तीन. चूक तत्क्षणी कळली, पण वरच्या सहायकानं बटणं दाबायला फोन खाली ठेवला होता. खालून हाका मारून उपयोग नव्हता. मिनिटभरात गाभा वितळायला लागला. सुमारे ४५ लाख लिटर किरणोत्सर्गी पाणी तळघरात साठलं.

साफसफाईला अमेरिकन नौदलाचीही माणसं गेली, त्यात अठ्ठावीस वर्षांचा लेफ्टनंट कार्टर होता. शेजारच्या टेनिस कोर्टवर रिअॅक्टरची हुबेहूब प्रतिकृती उभी केली होती. तिथे सराव करायचा आणि मग आत दीडेक मिनिट, जमेल तेवढे बोल्ट काढायचे आणि बाहेर. त्याहून जास्त वेळ आत थांबणं परवडणारं नव्हतं.

१९५२ ला दिवा विझला, दांडा वरच. १९७९ ला दिवा विझला, व्हॉल्व्ह उघडाच. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला.

आणि असं नाही की कुणालाच माहीत नव्हतं. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. २४ सप्टेंबर १९७७ ला, म्हणजे दीड वर्ष आधी, ओहायोतल्या डेव्हिस-बेसी प्रकल्पात तंतोतंत हाच प्रकार झाला होता. त्याच कंपनीची रचना, तसाच व्हॉल्व्ह अडकला, तशीच पातळी चढली, ऑपरेटरांनी तसंच पाणी कमी केलं. फरक एवढाच की रिअॅक्टर नऊ टक्के क्षमतेवर होता आणि वीसेक मिनिटांत कुणाला तरी खरं कळलं. रिअॅक्टर बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीतल्या एका इंजिनिअरनं फेब्रुवारी १९७८ मध्ये मेमो लिहिला की ग्राहकांना सांगा, असं झालं तर पाणी कमी करू नका. मेमो या विभागातून त्या विभागात फिरत राहिला. थ्री माइल आयलंडपर्यंत पोचलाच नाही. जिरावर 'टू डू'मध्ये पडलेलं तिकीट. तुमच्याकडेही असेल एखादं.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष कोण होते माहितीय? जॉन केमेनी. बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा १९६४ मध्ये ज्या दोघांनी बनवली त्यातले एक. आमच्या बिरादरीतला माणूस! ऑक्टोबर १९७९ च्या अहवालात त्यांच्या आयोगानं म्हटलं की यंत्रं बऱ्यापैकी चांगली होती. मूळ दुखणं माणसांचं होतं, म्हणजे प्रशिक्षण, संघटना, नियामकांची वृत्ती आणि नियंत्रण कक्षाची मांडणी. ऑपरेटर चुकले हे खरं, पण चुकायला लावणारी खोली दुसऱ्यांनी बांधली होती.

आणि गाभा निम्मा वितळलाय हे कधी कळलं? जुलै १९८२ मध्ये आत कॅमेरा सोडला तेव्हा. जिथे इंधन हवं तिथे वरच्या भागात दीडेक मीटरची पोकळी होती आणि खाली ढिगारा. पुढे कळलं की सुमारे वीस टन वितळलेलं इंधन भांड्याच्या तळाशी जाऊन थिजलं होतं. भांडं टिकलं. म्हणजे तीन वर्षं लोक अपघात किती गंभीर होता यावर वाद घालत होते आणि उत्तर बंद झाकणाखाली होतं. साफसफाई १९९३ पर्यंत चालली. चौदा वर्षं आणि सुमारे शंभर कोटी डॉलर.

चेर्नोबिलवर सिरियल येऊन गेल्यामुळे तुम्हाला बरंच माहीत असेल, त्यामुळे तिथे फक्त काट्यापुरता थांबतो. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री रिअॅक्टर फुटल्यावर हाताशी असलेली मापकं तासाला ३.६ रॉन्टजेनपर्यंतच मोजू शकत होती. काटा टोकाला जाऊन चिकटला, आणि वर कळवला गेला तो आकडा ३.६. प्रिप्यात शहरातल्या सुमारे ४९ हजार लोकांना बसमध्ये बसवायला दीड दिवस लागला. तोवर शनिवारी मुलं शाळेत गेली होती, लग्नं लागली होती. १३४ जणांना किरणोत्सर्गाचा तीव्र आजार झाला, त्यातले २८ त्याच वर्षी गेले. नंतर किरणोत्सर्गी आयोडीन गवतातून गाईत आणि दुधातून पोरांत गेलं. २००५ पर्यंत, तेव्हा लहान असलेल्यांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाच्या सहा हजारांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या. त्यातले बहुतेक उपचारानं वाचले. पण ते दूध पिऊ नका, एवढं वेळेवर आणि मोठ्यानं सांगणं अवघड नव्हतं. विंडस्केलला १९५७ मध्येच दूध ओतून दिलं होतं ना.

फुकुशिमा. ११ मार्च २०११. भूकंपानंतर त्सुनामी आली, जनरेटर बुडाले, वीज गेली. आता नियंत्रण कक्षात खोटा दिवाही नाही, सगळाच अंधार. कर्मचाऱ्यांनी पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि काट्यांना जोडल्या. रात्री एक नंबरच्या रिअॅक्टरचा पाण्याचा काटा चालू झाला, इंधनाच्या वर पाणी आहे असं दाखवत. सगळ्यांना जरा हायसं वाटलं. प्रत्यक्षात इंधन तोवर उघडं पडून वितळत होतं आणि त्या उष्णतेनं काटाच चुकत होता.

बाहेर नामिए नावाच्या गावातले हजारो लोक वायव्येला त्सुशिमा भागात गेले, प्रकल्पापासून लांब म्हणून. वारा कुठे नेईल याचा अंदाज बांधणारी संगणकप्रणाली जपान सरकारकडे होती. तिचे नकाशे गावाला कुणी दिले नाहीत. १५ मार्चला किरणोत्सर्गी ढग नेमका वायव्येला गेला. लोक त्याच्याच वाटेत मुक्कामाला होते. पोरं बाहेर खेळत होती.

आणि याच्या बरोबर उलटं फुताबा रुग्णालयाचं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या रुग्णांना घाईघाईनं बसमध्ये घालून तासन्‌तास फिरवलं, सोबत पुरेसे डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत. चाळीसहून अधिक जण गेले. फुकुशिमात किरणोत्सर्गाच्या तीव्र आजारानं एकही माणूस गेलं नाही. पण घर सोडणं, छावण्या, तुटलेले उपचार, खचलेली मनं यातून गेलेल्यांची प्रांताची नोंद २,३०० च्या पुढे आहे. हे आकडे सातच्या त्या श्रेणीत कुठेच बसत नाहीत. ती श्रेणी त्यांच्यासाठी बनलेलीच नाही.

आपल्याकडचं एक सांगतो, कारण हे आपल्याला शाळेत कुणी शिकवत नाही. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेशातलं नरोरा. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबल जळाल्या आणि प्रकल्पाची सगळी वीज गेली, सतरा तास. नियंत्रण कक्षात इतका धूर भरला की तो सोडावा लागला. रिअॅक्टर बंद झाला होता, पण बंदच राहील याची खात्री कशी करायची? काही ऑपरेटर टॉर्च घेऊन अंधारात वर चढले आणि हातानं व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं. श्रेणीवर नोंद, तीन. 'घटना'. त्या माणसांना दिवा काय म्हणतो हे बघायची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी व्हॉल्व्हपाशी जाऊन हात लावला.

तर राजापूरच्या मित्रा, थांबायचं की निघायचं? आकडा नंतर येतो. फुकुशिमाला सात मिळाले ते १२ एप्रिलला, महिना उलटून गेल्यावर. आधी चार होते, मग पाच. पहिल्या दिवशी तुला आकडा नाही, निवेदन मिळेल. तेव्हा विचारायचं ते हे, की हे कुठे मोजलं, कधी मोजलं, कशानं मोजलं, आणि वारा कुठे आहे. दूध, पाणी, भाजी यांचं काय. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याला नेण्याची व्यवस्था काय. हे प्रश्न अपघाताच्या दिवशी विचारून उत्तर मिळत नाही. आज ग्रामसभेत, तहसीलमध्ये विचारायचे. तारापूरच्या आसपासच्या लोकांनी तर आधी, कारण तिथले पहिले दोन रिअॅक्टर १९६९ चे आहेत आणि फुकुशिमाच्या एक नंबरच्याच घराण्यातले, जनरल इलेक्ट्रिकचे. यावर तिकडचं कुणी ऐकत असेल आणि सरावाच्या वेळी तुमच्या गावात नक्की काय झालं होतं ते सांगू शकत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव घेणार नाही.

थ्री माइल आयलंडचं पुढे काय झालं ते राहिलंच. दोन नंबर परत कधी चालला नाही. शेजारचा एक नंबर, ज्याला काही झालं नव्हतं, तो १९८५ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि २०१९ मध्ये तोट्यात म्हणून बंद केला. सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं की तो पुन्हा सुरू करणार, नवीन नावानं, आणि वीस वर्षं त्याची वीज मायक्रोसॉफ्ट विकत घेणार. डेटा सेंटरसाठी. म्हणजे उद्या माझा तो हेल्थ चेक कुठल्यातरी सर्व्हरवर त्याच बेटावरच्या विजेवर चालू शकतो.

१९७९ नंतर अमेरिकेत नियम आला की शिट्टीच्या व्हॉल्व्हची स्थिती प्रत्यक्ष व्हॉल्व्हवरूनच दाखवायची, संकेतावरून नाही. मीही माझा चेक बदललाय. आता तो विचारतो, शेवटचा रिफंड किती मिनिटांपूर्वी गेला. पहिल्याच आठवड्यात दोनदा मला रात्री उठवलं त्यानं. एकदा उगाच.

पुढचा भाग विंडस्केलच्या धुराड्यावर आहे. त्यावर बसवलेल्या फिल्टरना आधी सगळे हसले होते. भेटू दोन आठवड्यांनी.